फ्लॅश गॉर्डनचा पहिला हप्ता : एक पुनर्वाचन

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा बांधणीच्या पुस्तकांचीच गणना करतों. ज्या कागदांना बांधणीचें भाग्य लाभलें नाहीं, जे एका हातांतून दुसऱ्या हातांत जाऊन शेवटीं रद्दीच्या तराजूंत पडले, त्यांचा विचार करण्याची आपली रीत नाहीं. वास्तविक एखाद्या पिढीचें कुतूहल कशावर पोसलें हें पाहावयाचें असेल, तर ग्रंथालयाच्या कपाटाइतकाच रद्दीचा गठ्ठाहि उपयोगी पडतो. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें मार्च १९६४ मध्यें सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामाला अशा गठ्ठ्यांतील अग्रगण्य होय. १९९० मध्यें ती बंद पडली, तोंपर्यंत तिचे ८०० हून अधिक अंक निघाले. इंग्रजीबरोबर मराठींतहि ती निघत असे. वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे तिचे मुख्य आधारस्तंभ खरे. परंतु यानांत बसून परग्रहांवर जाणारा फ्लॅश गॉर्डन हाहि तिच्या वाचकांच्या ओळखीचा होता.

हा गॉर्डन आपल्याकडे आला तेव्हां तो वयानें तिशीपलीकडचा होता. त्याचा जन्म अमेरिकेंत ७ जानेवारी १९३४ रोजीं, रविवारच्या वृत्तपत्राच्या रंगीत पानावर झाला. तो पहिला हप्ता पुनः एकदां वाचावा, आणि तो भंडारा जिल्ह्यांतील वाचकाच्या भूमिकेवरून वाचावा, असा आमचा विचार आहे. अमेरिकन चित्रकाराचें पान आणि वैनगंगेचें खोरें यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाहीं, हें पुढें दिसून येईल.

प्रथम त्या काळच्या अमेरिकेची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९२९ च्या आर्थिक संकटानंतर १९३३ सालीं तेथील कामकरी वर्गापैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. लोकांस स्वस्त करमणूक हवी होती, आणि वृत्तपत्रांस गिऱ्हाईक हवें होतें. चित्रकथांचें रंगीत पान हें खप वाढविण्याचें मोठें साधन होऊन बसलें होतें. बरोबर पांच वर्षांपूर्वीं, ७ जानेवारी १९२९ रोजीं, पंचविसाव्या शतकांत वावरणारा बक रॉजर्स हा वीर दैनिक चित्रमालिकेंत अवतरला होता व लोकप्रिय झाला होता. त्याच्याशीं सामना देईल असा नायक किंग फीचर्स या संस्थेस पाहिजे होता. तें काम ॲलेक्स रेमंड या चोवीस वर्षांच्या चित्रकाराकडे आलें. एखादा ग्रह पृथ्वीवर येऊन आदळणार ही कल्पनाहि वाचकांना अगदीं नवी नव्हती. बामर आणि वायली या जोडीची याच कल्पनेवरील कादंबरी १९३३ मध्यें प्रसिद्ध झालेली होती.

आतां प्रत्यक्ष पानाकडे वळूं. आरंभींच वर्तमानपत्राचा मथळा आहे. एक अज्ञात ग्रह पृथ्वीच्या रोखानें धांवत येत असून जगाचा अंत ओढवला आहे, अशी ती बातमी. पुढच्या लहान लहान चौकटींत पृथ्वीवरील लोकांची अवस्था दाखविली आहे: आफ्रिकेच्या रानांत नगारे वाजत आहेत, अरबस्तानच्या वाळवंटांत एक अरब मक्केकडे तोंड करून मरणाची वाट पाहत आहे, न्यूयॉर्कच्या चौकांत माणसांची गर्दी उसळली आहे. नंतर आपल्याला डॉ. झार्कोव्ह हा शास्त्रज्ञ भेटतो. जग वांचविण्याच्या यंत्रावर तो रात्रंदिवस खपतो आहे, आणि त्या ताणानें त्याची बुद्धि ढळूं लागली आहे. इकडे एका विमानांतून फ्लॅश गॉर्डन आणि डेल आर्डन ही तरुणी प्रवास करीत आहेत. आकाशांतून आलेल्या एका उल्केनें विमानाचा पंख तुटतो. गॉर्डन डेलला सांवरून धरतो आणि हवाई छत्रीच्या आधारानें दोघेंहि खालीं उतरतात. उतरतात तीं नेमकीं झार्कोव्हच्या वेधशाळेपाशीं. तो पिस्तुलाच्या धाकानें त्यांना आपल्या अग्नियानांत चढवितो. येणाऱ्या ग्रहावर यान आपटून त्याचा मार्ग बदलावयाचा असा त्याचा बेत आहे. यान गर्जना करीत आकाशांत झेपावतें, आणि पान संपतें.

एका पानांत इतकें सारें घडतें, यांतच त्या चित्रकथेच्या यशाचें रहस्य आहे. वाचकाला शंका काढण्यास सवडच मिळत नाहीं. रेमंडचा हात कसलेला होता. मनुष्याकृतीचा डौल आणि वस्तूंची गति दाखविण्यांत पुढें तो अनेक चित्रकारांचा गुरु ठरला. शिवाय एक गोष्ट त्याच्या पदरीं टाकलीच पाहिजे. सारी पृथ्वी एकाच संकटांत सांपडली आहे, आफ्रिकेंतला मनुष्य आणि न्यूयॉर्कमधला मनुष्य यांचें भवितव्य एकच आहे, हें त्यानें चार चौकटींत सांगून टाकलें. लहान मुलाच्या मनावर अशा चित्राचा जो ठसा उमटतो, तो भूगोलाच्या पुष्कळ धड्यांनीं उमटत नाहीं.

परंतु त्याच चौकटी पुनः पाहिल्या म्हणजे दुसरी गोष्टहि दिसूं लागते. संकट सर्वांवर सारखें असलें, तरी उपाय योजण्याचा अधिकार मात्र सर्वांना सारखा नाहीं. आफ्रिकेनें नगारे वाजवावे, अरबानें प्रार्थना करावी, आणि यंत्र तेवढें अमेरिकेंत तयार व्हावें, अशी ही वांटणी आहे. हिंदुस्थान तर त्या पानावर कोठेंच नाहीं. गंमत अशी कीं, नायकाची ओळख करून देतांना तो येल विद्यापीठाचा पदवीधर व पोलोचा जगविख्यात खेळाडू आहे असें सांगितलें आहे. आणि हा खेळ पाश्चात्त्य जगाला मणिपूरकडून, ब्रिटिश मळेवाल्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मार्फत, मिळालेला होता. म्हणजे आपला देश त्या पानावर आला, पण तो एका श्रीमंती खेळाच्या रूपानें, आणि तोहि ओळख न देतां.

पुढील हप्त्यांत यान त्या मोंगो नांवाच्या ग्रहावर जाऊन पडतें, आणि तेथील निर्दय सम्राट मिंग समोर येतो. त्याचें नांव चीनच्या राजवंशाचें, आणि त्याचा चेहरा, मिशा व पोशाख हे सारे त्या काळच्या अमेरिकनांच्या मनांतील ‘पिवळ्या’ माणसाविषयींच्या भीतीनें घडविलेले. ग्रह परका, परंतु वैर पृथ्वीवरचेंच! आपल्याकडील संपादक अशा बाबतींत अगदींच आंधळे नव्हते. वेताळाच्या गोष्टींतील बेंगाला या देशाचें नांव आपल्याकडे छापतांना ‘डेंकाली’ करण्यांत आलें, आणि ‘सिंग’ नांवाच्या चांच्यांचे ‘सिंगा’ झाले. आपल्या वाचकांस काय बोचेल हें त्यांना कळत होतें. तथापि नांव बदलून जो दोष निघतो तो निघाला; कथेच्या हाडांमासांत जो दोष होता, तो अक्षरें बदलून निघण्यासारखा नव्हता.

या वर्णविषयक दोषाची चर्चा इतरत्र पुष्कळ झालेली आहे. आम्हांस त्या पहिल्या पानांतील एका निराळ्या उणिवेकडे लक्ष वेधावयाचें आहे. झार्कोव्हचें तें अग्नियान बांधलें कोणी? पानावर लोहार नाहीं, ओतारी नाहीं, दारू भरणारा नाहीं, हिशेबनीसहि नाहीं. एक शास्त्रज्ञ आहे, तो अहोरात्र विचार करतो, आणि वेधशाळेबाहेर यान तयार उभें असतें. यानाचें वजन किती, वेग किती, त्यांत जळतें काय, पैसा कोणीं पुरविला, यांपैकीं एकाहि गोष्टीचा उल्लेख नाहीं. चित्रकथेच्या एका पानाकडून इतकी अपेक्षा करावी काय, असा आक्षेप येईल. एरव्हीं आम्ही ती केली नसती. परंतु मराठी वाचकाला आकाशप्रवासाची गोष्ट याहून निराळ्या रीतीनें सांगितली गेली होती, आणि तीहि गॉर्डनच्या जन्मापूर्वीं चौतीस वर्षें. म्हणून ही तुलना प्राप्त होते.

कृष्णाजी नारायण आठल्ये हे सातारा जिल्ह्यांतील टेंभूचे. कवि आणि चित्रकार असलेल्या या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत कोचीन येथून ‘केरळकोकिळ’ मासिक सुरू केलें. त्या मासिकांत १९०० सालीं ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराच्या कादंबरीचें मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नांवानें येऊं लागलें. मूळ कादंबरी १८६५ ची. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यामुळें बेकार झालेले बाल्टिमोरचे तोफखानेवाले चंद्रावर गोळा फेंकण्याचा घाट घालतात, असें तिचें कथानक आहे.

व्हर्नच्या या कथेंत घाई नाहीं, हिशेब आहे. तोफेची लांबी ९०० फूट. गोळा ॲल्युमिनियमचा. दारूच्या जागीं ४,००,००० पौंड स्फोटक कापूस, म्हणजे नत्राम्लाची क्रिया केलेला कापूस. जगांतील देशोदेशींच्या वर्गणीनें ५४ लाख डॉलरांवर रक्कम जमते, आणि कोणत्या देशानें किती दिलें याचा जमाखर्च व्हर्न थट्टेच्या सुरांत परंतु बारकाईनें मांडतो. फ्लोरिडांत जमीन खोदली जाते. १,२०० भट्ट्या पेटतात. त्यांतलें वितळलेलें लोखंड एकाच वेळीं सांच्यांत सोडलें जातें. आणि विशेष हें कीं, त्या खोदकामांत कांहीं मजुरांचे प्राण गेले, ही गोष्टहि तो नोंदवून ठेवतो. त्याच्या गणितांत चुका आहेत. अशा तोफेंतून उडालेले प्रवासी पहिल्याच क्षणीं चिरडून गेले असते, हें आज शाळेंतील विद्यार्थीहि सांगेल. परंतु चुकलेला हिशेब तपासतां येतो; मुळांतच न मांडलेला हिशेब तपासतां येत नाहीं. पहिल्यापासून वाचक विचार करावयास शिकतो, दुसऱ्यापासून केवळ टाळ्या वाजवावयास.

पुढें भा. रा. भागवत यांनीं ‘चंद्रावर स्वारी’ या नांवानें तीच गोष्ट नव्या पिढीच्या मराठी मुलांच्या हातीं दिली. म्हणजे ज्या काळांत गॉर्डन मराठींत अवतरला, त्याच शतकांत व्हर्नचीहि पारायणें चाललेलीं होतीं. एकाच मुलाच्या दप्तरांत दोन्ही सांपडावीं, असा तो काळ. त्या मुलाच्या आजूबाजूला प्रत्यक्षांत काय घडत होतें तेंहि पाहण्यासारखें आहे. ‘इंद्रजाल’चा पहिला अंक निघाला मार्च १९६४ मध्यें, त्याच्या चारच महिने आधीं, २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं, केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून भारतांतलें पहिलें संशोधन-रॉकेट आकाशांत गेलें. थुंब्याच्या सेंट मेरी मॅग्डलीन या चर्चच्या इमारतींत तेथील कचेरी होती, आणि यंत्राचे भाग सायकलीवरून नेल्याचें छायाचित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्या छायाचित्रांत सायकल धरून चालणारा मनुष्य दिसतो. गॉर्डनच्या पहिल्या पानांत तोच तेवढा नाहीं.

येथें आम्ही भंडाऱ्याकडे येतों. हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील जुन्या तलावांचे पुष्कळसे बांध कोहळी समाजानें घातले, हें इतिहास सांगतो आणि लोकहि सांगतात. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय, जो १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे, त्याच्या बांधणीचें श्रेय कोलू पाटील कोहळी यास दिलें जातें. मोठें काम पाहिलें कीं तें कोणीं केलें याची आठवण ठेवावयाची, ही या प्रदेशाची जुनी संवय आहे. पाणी आपोआप सांचत नाहीं, त्यासाठीं कोणीतरी माती वाहिलेली असते, हें धान पिकविणाऱ्या माणसास शिकवावें लागत नाहीं. अशा संवयीचा वाचक झार्कोव्हच्या यानाकडे पाहून कर्त्याचें नांव विचारील, तर त्यांत नवल नाहीं.

दुसरा संबंध याहून गंभीर आहे. भंडारा शहराजवळ जवाहरनगर येथें संरक्षण खात्यासाठीं स्फोटकें व प्रणोदकें तयार करणारी आयुध निर्माणी आहे. व्हर्ननें आपल्या तोफेंत जो नत्रयुक्त कापूस कल्पनेनें ठासला, तोच पदार्थ आजच्याहि निर्धूर दारूचा पाया आहे. म्हणजे ज्या शक्तीनें कथेंतला गोळा चंद्राकडे सुटला, तिच्या कुळांतल्या द्रव्यांशीं या जिल्ह्यांतील माणसें रोज पाळीवर जाऊन व्यवहार करतात. २४ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं या कारखान्यांत स्फोट झाला. इमारत कोसळली, कामगार ढिगाऱ्याखालीं सांपडले. त्या दिवशींच्या बातम्यांत आठ मृत्यूंची नोंद झाली. या घटनेची कारणमीमांसा करण्याचें हें स्थळ नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चित्रकथेंत स्फोट म्हणजे तांबड्या-पिवळ्या रंगाची एक चांदणी असते आणि पुढच्या चौकटींत नायक कपडे झटकून उभा राहतो. ज्या गांवांतून माणसें पाळीवर जातात, त्या गांवांत त्या चांदणीचा अर्थ वेगळा असतो. व्हर्ननें मजुरांचे मृत्यु एका वाक्यांत उरकले हें खरें, आणि तें वाक्य आज थंडपणाचें वाटतें. तरी तें वाक्य त्यानें लिहिलें होतें.

तिसरी गोष्ट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. त्या संध्याकाळीं विदर्भाच्या आकाशांतून जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली, आणि ती पुष्कळ गांवांतून लोकांनीं पाहिली. कोणी तिला उल्का म्हटलें, कोणी विमानाचा अपघात. सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवांत सुमारें ३ मीटर व्यासाचें, ४० किलोंहून अधिक वजनाचें धातूचें कडें येऊन पडलें. तो चीनच्या एका अग्निबाणाचा, काम संपल्यावर कक्षेंत फिरत राहिलेला भाग असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. गॉर्डनच्या पहिल्या पानांत आकाशांतून संकट येतें तें परक्या ग्रहाचें. पृथ्वी त्यांत केवळ निरपराध बळी. लाडबोरीस जें आलें तें पृथ्वीवरच्याच माणसांनीं वर पाठविलेलें होतें. आकाश जिंकण्याच्या गोष्टीला असलेली ही दुसरी बाजू रेमंडच्या काळीं कोणास दिसणें शक्य नव्हतें. आज ती आमच्या शेतांत येऊन पडली आहे.

यावरून आम्ही असल्या चित्रकथा मुलांच्या हातून काढून घ्याव्या असें म्हणतों, असा कोणी समज करून घेऊं नये. आमच्या समाजांत चित्रांचें पुस्तक दिसलें कीं ‘अभ्यास कर’ म्हणून तें ओढून घेणारी एक पिढी होऊन गेली, आणि तिच्या त्या दक्षतेनें फारसें कांहीं साधलें नाहीं. गॉर्डननें मुलांना वर पाहावयास लावलें, हें त्याचें मोठें काम आहे. १९५१ पासून डॅन बॅरी या चित्रकारानें दैनिक मालिका हातीं घेतली, तेव्हां तिचा आरंभ गुरु ग्रहावरील मोहिमेपासून झाला, आणि यंत्रें, यानांतील सहकारी, प्रवासांतल्या अडचणी यांना कथेंत अधिक जागा मिळाली. ‘इंद्रजाल’मधून आपल्या वाचकांना भेटलेल्या गॉर्डन-कथांत या काळच्या कथा होत्या. मालिका वाढत गेली तशी तिची समजहि वाढली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. आरंभींचें पान आंधळें होतें म्हणून सारी मालिकाच टाकाऊ ठरत नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या मतें दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, जपणुकीची. मराठी ‘इंद्रजाल’चे अंक आज बहुतेक हौशी संग्राहकांपाशींच पाहावयास मिळतात, आणि त्यांची किंमत दुर्मिळपणावरून ठरते, मजकुरावरून नव्हे. जिल्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयांनीं आपल्या भागांतल्या घरोघरच्या माळ्यांवर पडलेले असे गठ्ठे मागून घ्यावे, त्यांची नोंद करावी. तीसएक वर्षें मुलांनीं जें आवडीनें वाचलें, तें आपल्या भाषेच्या इतिहासाचा भाग आहे. मग तें परभाषेंतून आलेलें कां असेना.

दुसरी गोष्ट वाचनाच्या रीतीची. शाळेंतील शिक्षकानें गॉर्डनचें तें पहिलें पान आणि व्हर्नच्या कादंबरींतील ओतकामाचें प्रकरण शेजारीं शेजारीं ठेवावें, आणि मुलांना एकच विचारावें: हें यान कोणीं बांधलें, आणि त्यासाठीं काय काय लागलें असेल? २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागांत उतरलें, तेव्हां नियंत्रणकक्षांत बसलेलीं माणसें साऱ्या देशानें पाहिलीं. त्या दिवशीं कोणी एकटा गॉर्डन चंद्रावर गेला नाहीं. पुष्कळांनीं मिळून एक यंत्र तेथें पोंचविलें. त्या पुष्कळांमध्यें वर्कशॉपांत धातू कापणारेहि आले, आणि अग्निबाणांत इंधन भरणारेहि आले. चित्रकथेच्या चौकटीबाहेर राहिलेलीं हीं माणसें तींत बसवून दाखविण्याचें काम कोणी मराठी चित्रकार हातीं घेईल, तर त्याला पात्रें शोधण्यासाठीं मोंगो ग्रहापर्यंत जावें लागणार नाहीं. तीं त्याला जवाहरनगरच्या फाटकाशीं, पाळी सुटण्याच्या वेळीं भेटतील.